समोरून की डावीकडून

सुधाकर,

तू गेल्यापासून माझ्या घरात सगळंच वाजायला लागलं आहे. पंखा वाजतो, फ्रिजवर ठेवलेला स्टीलचा डबा वाजतो, दुकानाचं शटर अर्ध्यावर येऊन किरकिरतं आणि माझं डोकं तिथंच अडकून बसतं. काल जेवता जेवता उठलो आणि खिडकीच्या काचेखाली कागदाची घडी खुपसून आलो. बायको म्हणाली, "अजी, जेवून तं घ्या. काच कुठी पळून राह्यली का?" मी विचारलं, तुला ऐकू येत नाही? तिला नव्हतं येत. हा रोग तू लावलास आणि लावून निघून गेलास. मला आता एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही मधेमधे उठतो, अंगणात जातो, उगाच गेटची कडी दाबून पाहतो आणि परत येऊन बसतो.

तुझ्या शाळेनं शोकसभा घेतली. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, सगळं रीतसर बोलून झालं. शिस्तप्रिय म्हटल्यावर मला हसू आवरेना. माझ्या डोळ्यांसमोर जो तू होतास तो गाडीची मागची सीट पाडून आडवा पडलेला होतास, डोकं डिक्कीत, पाय पुढच्या दोन सीटांच्या मधून आलेले, पोटावर टॉर्च आणि तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. शाळेच्या क्लार्कला हे शोभतं का, असं मी कितीदा तरी विचारलं असेल. तू म्हणायचास, "शोभते का नाई ते सोड, आवाज कुठून येते ते सांग." सभेत हे सांगावंसं वाटलं. उठलोही. मग मंदावहिनी समोर बसलेल्या दिसल्या आणि पुन्हा खाली बसलो.

तुला सगळं माहीतच आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. तेवढ्या वेळ तरी मी जागेवर राहीन.

दसऱ्याला तुझी नवी गाडी घरी आली. अंगणात पूजा झाली, बोनेटवर स्वस्तिक निघालं, चाकांखाली लिंबं ठेवून गाडी पुढं घेतली, पेढे वाटले. आणि लगेच दुसऱ्या दिवशी तू माझ्या दुकानात हजर. माझं दुकान पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडाचं. मला वाटलं सीटकव्हरसाठी आला असशील. तुझी नजर मात्र कोपऱ्यातल्या फोमच्या गठ्ठ्यावर होती.

"शेठ, गाडी वाजून राह्यली."

"नवी गाडी? काऊन वाजन?"

"मले काय मालूम? ब्रेकरवर गेली का टक करते. मंग थोडं थांबून टकटक."

तू शोरूमला गाडी दाखवून आला होतास. तिथला माणूस म्हणाला होता, काका, हा आवाज गाडीचा नाही, रस्त्याचा आहे. ते तुझ्या डोक्यात गेलं होतं. "रस्ता माह्या गाडीच्या आत कसा घुसला बे?" असं तू मला विचारत होतास, जसा काही मीच तो माणूस. मी फोमचा एक तुकडा कापून दिला आणि सांगितलं, डॅशबोर्डच्या फटीत दाबून टाक, गप बसेल. तू तुकडा खिशात घातलास आणि म्हणालास, "दाबून नाई टाकायचं. शोधून काढायचं." इथून आपलं भांडण सुरू झालं. ते मिटायच्या आधीच तू गेलास आणि आता दुसऱ्या बाजूला कुणी नाही, याचा मला राग येतो. रडू नंतर येतं, आधी रागच येतो.

मग दर रविवारी सकाळी तेच. मी चालवायचं, तू ऐकायचं. सिंदी मेघेतल्या आपल्या गल्लीतून निघून पाण्याच्या टाकीजवळच्या त्या उंच ब्रेकरवरून जायचं, पुढं वळायचं, परत त्यावरूनच यायचं. मी पुढून विचारायचो, "वाजलं का?" आणि मागून तुझा आवाज यायचा, "पुन्हा घे." वाजलं तरी पुन्हा घे, नाही वाजलं तरी पुन्हा घे. टाकीजवळची माणसं आपल्याला ओळखायला लागली होती. कधी गल्लीतल्या गोंगाटानं तुझं डोकं फिरलं की आपण पार तुझ्या गावाकडं, हिंगणीच्या रस्त्याला जायचो. बोर धरणाकडं वळल्यावर सागाच्या झाडांखाली रस्ता रिकामा असतो, तिथं तू काचा लावायला सांगायचास, एसी बंद, रेडिओ बंद, मलाही बोलायची बंदी. मे महिन्यात बंद काचांत मी घामानं निथळत होतो आणि तू मागून मलाच दटावत होतास, "श्वास हळू घे ना, शेठ."

त्या एका टकच्या मागं लागून आपण बाकीचे किती आवाज काढले. डिक्कीतला जॅकचा दांडा चाकाच्या रिंगवर आपटत होता, त्याला माझ्या दुकानातल्या मखमली पडद्याचं कातरण गुंडाळलं. मागच्या सीटबेल्टचं बकल खांबाच्या प्लॅस्टिकवर टिचकी मारायचं, त्याला रबर लावलं. दाराचं आतलं पॅनल तू वहिनींच्या पोळ्या उलटायच्या सराट्यानं उचकटलंस, सराटा वाकला, आणि आतली एक क्लिप सुटलेली सापडली तेव्हा असा ओरडलास की शेजारी बाहेर आले. दाराच्या रबरांची कुरकुर जावी म्हणून वहिनींच्या पावडरचा डबा रिकामा केलास. गाडीला चंदनाचा वास यायला लागला. वहिनी म्हणाल्या, "माह्या तोंडाले लावायले पावडर नाई अन् गाडी नटून बसली." तू मान खाली घालून हसलास आणि सराटा सरळ करायला माझ्याकडं दिलास. माझ्याकडून तो मोडला.

सगळं गेलं. टक राहिलं.

आणि ते राहिलं म्हणून आपलं भांडणही राहिलं. मी स्टेअरिंगवर बसून शपथेवर सांगायचो की आवाज डावीकडून येतो, ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूनं. तू मागून सांगायचास, समोरून येतो. मी म्हणायचो, तू झोपलेला असतोस, तुला काय दिशा कळणार. तू म्हणायचास, तुझा डावा कान दुकानातल्या गिऱ्हाइकांनी खाल्ला आहे. माझ्या हट्टापायी ग्लोव्ह बॉक्स उतरवला, आत काही नव्हतं. तुझ्या हट्टापायी काचेखालच्या फटीत एसटीच्या तिकिटांच्या घड्या खुपसल्या, काही फरक नाही. तो आवाजही असा लबाड की कधी आठवडाभर गप्प बसायचा, आपण चहा पिऊन विजय साजरा करायचो, आणि परत येताना टाकीजवळ टक. एकदा मी वैतागून म्हणालो, "सुधाकर, तुले सापडवायचंच नाई." तू खर्ऱ्याची पुडी काढलीस, चोळत बसलास. त्या वेळी मला वाटलं, मी तुला निरुत्तर केलं.

तो हवालदार आठवतो? नाक्यावर त्यानं गाडी थांबवली आणि आत डोकावला तर मागं एक माणूस उताणा, डोळे मिटलेला. त्यानं मला हळूच विचारलं, "पेशंट हाये का?" तेवढ्यात मागून तू डोळे न उघडता म्हणालास, "थांबला काऊन? पुन्हा घे." हवालदार दोन पावलं मागं सरकला. हे आपण कितीतरी लोकांना तिखटमीठ लावून सांगितलं आणि दरवेळी तू हसून हसून खोकायचास. आता हे मी कुणाला सांगू शकत नाही, सांगायला लागलो की पेशंट या शब्दावर उठून अंगणात जातो.

एक गोष्ट मात्र मला तुझी कधीच पटली नाही, आणि ती इथं सांगून टाकतो. वहिनींनी ड्रायव्हिंग क्लास लावला, लायसन काढलं. त्यांची म्हातारी आई गिरडला एकटी राहते. बसनं जायचं तर समुद्रपूरला उतरा, पुढची गाडी मिळेल तेव्हा मिळेल, त्यात यायची वेळ होते. त्यांना स्वतः गाडी घेऊन आईकडं जायचं होतं, एवढंच. तू म्हणालास, "आवाज निघू दे, मंग तुझ्या हाती देतो. चालवता चालवता काही तुटलं-बिटलं तं?" सुधाकर, तुला पक्कं माहीत होतं की काही तुटत नव्हतं. पण वहिनींना ते खरं वाटलं. टक झालं की त्या शेजारच्या सीटवर दाराचं हँडल घट्ट धरायच्या. त्यांचं लायसन कपाटात पडून राहिलं आणि आपण दोघं रविवारी त्यांच्या गिरडच्या रस्त्यावर नाही, टाकीजवळच्या ब्रेकरवर पेट्रोल जाळत राहिलो. तू असतास तर हे तुझ्या तोंडावर बोललो असतो. बोलणारच होतो, रोज वाटायचं.

त्या सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला निघालो होतो, तसाच बनियनवर आलो. तुला दवाखान्यात न्यायला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं वहिनींच्या मांडीवर. मी चालवत होतो, जसा दर रविवारी चालवायचो, फक्त वार वेगळा होता. टाकीजवळचा ब्रेकर आला आणि मी वेग कमी केला नाही. गाडी उडाली. टक, आणि मग टकटक. आणि तू, डोळे मिटलेले, ओठ पांढरे पडलेले, स्पष्ट म्हणालास, "समोरून."

मी म्हणालो, "गप राह्य ना बे."

आपलं शेवटचं बोलणं हे. माणसं शेवटचं काहीतरी चांगलं बोलतात असं ऐकलं होतं. तू वाद घातलास आणि मी तुला गप राहायला सांगितलं. त्या दिवसापासून कुठंही काही वाजलं की मला उठावं लागतं.

तेरवी झाली. तुझा अक्षय पुण्याहून आलेला होताच. पोरगा वाईट नाही, तुझ्यासारखाच हट्टी आहे इतकंच. त्यानं आईला पुण्याला न्यायचं ठरवलं. घर सध्या बंद ठेवायचं, गाडी विकायची, हिंगणघाटचं एक गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायला येणार होतं. मला म्हणाला, "काका, तो आवाज तेवढा काढून द्या. बाबा नेहमी म्हणायचे, तुम्हा दोघांनाच त्यातलं कळतं." मी हो म्हणालो. वहिनी तिथंच होत्या. पुण्याचं नाव निघाल्यावर त्या नुसत्या ताट पुसत राहिल्या, आधीच पुसलेलं.

मी अंगणात गाडीपाशी आलो तर त्या मागोमाग चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात दिला.

"भाऊजी, आवाज निघाला का मंग गाडी भरवशाची होईन?"

"गाडी भरवशाचीच आहे, वहिनी."

"नाई म्हणजे, मले चालवता येईन का? गिरडले? हे म्हणत होते ना, आवाज निघाल्यावर." मग घराकडं पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "अक्षयले माहं ऐकू येत नाई. पुण्यात मी काय करू? बाल्कनीत उभी राहू? माही माय अजून जिती आहे ना."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. म्हणजे पोराला आवाज काढून हवा होता गाडी जायला, आणि आईला हवा होता गाडी राहायला. आणि आवाज काढायचा होता मी, ज्याला तीन दसरे झाले तरी तो सापडला नव्हता. तू असतास तर सरळ आडवा पडला असतास. मी तिथं उभा राहून नुसता चिडत होतो, तुझ्यावर, पोरावर, त्या हिंगणघाटच्या माणसावर, ज्याचं मी तोंडही पाहिलं नव्हतं.

अक्षयला म्हणालो, तू चालव. आणि पहिल्यांदाच मी मागं गेलो. मागची सीट पाडली, डोकं डिक्कीत घातलं, पाय मधून पुढं काढले. माझी उंची तुझ्यापेक्षा जास्त, गुडघे दुमडावे लागले. खाली पाठीला तुझ्या त्या जुन्या सतरंजीची घडी लागली, तिला अजून खर्ऱ्याचा वास होता. टाकीजवळ ब्रेकर आला. टक. मग टकटक.

समोरून येत होता, सुधाकर. अगदी समोरून.

मी ताडकन उठलो, डोकं छताला आपटलं. अक्षयला म्हणालो, पुन्हा घे. आता मी पुढं आलो, वहिनी बसायच्या त्या डाव्या सीटवर. टक. आता तो उजवीकडून आला. उजवीकडून! आणि स्टेअरिंगवर बसून इतके दिवस मला तो डावीकडून ऐकू येत होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी डावीकडून म्हणत होतो ते खरं होतं, तू समोरून म्हणत होतास तेही खरं होतं. आवाज मधे होता. दोन सीटांच्या मधला तो प्लॅस्टिकचा डबा, ज्यातून गिअरचा दांडा आणि हँडब्रेक वर येतात, त्याच्या पोटात. आपण जागा बदलून पाहिलीच नाही कधी. मी चालवायचं, तू ऐकायचं, हे ठरलेलं होतं.

आणि तो डबा आपण उघडला का नव्हता, हेही तुला आठवत असेल. गिअरच्या पुढं मोबाईल ठेवायची जी खोलगट जागा आहे, तिथं वहिनींनी छोटा गणपती चिकटवलेला. वरचा स्क्रू नेमका त्याच्याखाली. तू म्हणाला होतास, "देव हलवाले लावू नको, मंदा घरात घेणार नाई." मी म्हणालो होतो, देवाच्या खाली काय वाजणार आहे? त्या एका गोष्टीवर आपलं एकमत होतं.

घरी येऊन मी स्क्रू काढायला पेचकस घेतला. गणपतीला आधी हात जोडले आणि अंगठ्यानं तळ सैल करायला लागलो. वहिनी ओट्यावरून पाहत होत्या. त्या पळत आल्या.

"भाऊजी, देव काऊन हलवून राह्यले?"

"याच्याखाली स्क्रू आहे. आवाज याच्याखालूनच येते."

त्यांचा चेहरा उतरला. गाडीचं दार धरून त्या खालीच बसल्या, अंगणातल्या फरशीवर. मला वाटलं चक्कर आली. अक्षय पाणी आणायला धावला. तो आत गेलेला पाहून त्या म्हणाल्या, "हा गणपती मी काऊन बसवला मालूम आहे का? पूजेच्या दिवशी विड्यावरची सुपारी हरवली होती. गणपती म्हणून मांडलेली. हँडब्रेकच्या बाजूले विडा ठेवला होता, गाडी लिंबावरून पुढं घेतली अन् पाहते तं पान आहे, सुपारी नाई. सासूबाई होत्या तवा, त्यायले सांगितलं असतं तं म्हटल्या असत्या, नव्या गाडीतला देव हरवला. मी गुपचूप संध्याकाळी बाजारातून हा आणून बसवला. यायले बी नाई सांगितलं. हे हसले असते, मालूम आहे. पण एकदा नाई सांगितलं, मंग सांगताच नाई आलं."

मग म्हणाल्या, "त्या दिवशी दवाखान्यात नेताना गाडी वाजली ना, तवा माह्या मनात तेच आलं. का त्या सुपारीमुळंच."

मी त्यांच्यावर ओरडलो, सुधाकर. तुझ्या बायकोवर, तुझ्या अंगणात. "सुपारीनं माणूस मरते का, वहिनी? खर्ऱ्यातली खाऊन मरते, गाडीत पडलेलीनं नाई." बोलून गेलो आणि जीभ चावली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि हसल्या. तुझ्या जाण्यानंतर पहिल्यांदा, पदर तोंडावर घेऊन, डोळ्यांतून पाणी येत असताना हसल्या. तेवढ्यात अक्षय पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि दोघांकडं पाहून तिथंच थबकला.

गणपती निघाला, स्क्रू निघाला, हँडब्रेक वर ओढून डबा उचलला. आत धूळ, केसांची एक पिन, तुझ्या पुडीचं रबर. आणि एका बाजूच्या खोबणीत ती सुपारी. हँडब्रेकच्या फटीतून आत पडलेली. इतके दिवस घासून घासून गुळगुळीत झाली होती, कुंकू कुठल्या कुठं गेलेलं. मी तिला बोटात धरून प्लॅस्टिकवर आपटून पाहिलं. टक. तोच आवाज. हातभर अंतरावर होती रे, तू मागं पडलेला असताना तुझ्या पायांच्या खालीच होती. तुला दाखवायला वळलो मी. खरंच वळलो, मागच्या सीटकडं.

वहिनींनी सुपारी माझ्या हातून घेतली, पदरानं पुसली, आत नेऊन देवघरात ठेवली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात लायसन होतं. अक्षयला म्हणाल्या, "चाबी दे."

"आई, अगं उद्या ते लोक गाडी पाहायला येणार आहेत. आता कुठं?"

"त्यायले फोन करून सांगून दे, गाडी विकायची नाई. चालवणारी घरात आहे."

"आणि पुणं?"

"येईन ना पुण्याले. मीच येईन, तुले पाहाले. आता बाजूले हो, मागं घ्यायची आहे."

तो माझ्याकडं पाहायला लागला, काका काहीतरी समजावतील म्हणून. काकांना समजावायचं असतं तर ते शोकसभेतही बोलले असते. मी मागचं दार उघडलं आणि आडवा झालो. कुणी मला सांगितलं नव्हतं. कुणीतरी ऐकायला हवं होतं, आणि आता ते काम माझ्याकडं आलेलं होतं. अक्षयनं चावी दिली आणि गेट उघडलं.

वहिनी चालवतात बऱ्या. क्लच जरा झटकन सोडतात, आपल्या गल्लीच्या वळणावर एका कुत्र्याला त्यांनी इतका वेळ हॉर्न दिला की ते कंटाळून उठलं. मी डोकं डिक्कीत घालून पडलो होतो. तिथून काय दिसतं हे मला कधी माहीतच नव्हतं. मागच्या काचेतून कडुलिंबाच्या फांद्या उलट्या जातात, विजेच्या तारा वरखाली होतात, सतरंजी मऊ आहे, आणि पुढं कुणीतरी ओळखीचं माणूस गाडी चालवत असतं. काही बोलावं लागत नाही. कितीतरी दिवसांनी माझं अंग सैल पडलं. आणि तुला आवाज सापडवायचाच नाही असं मी म्हणालो तेव्हा तू खर्रा का चोळत बसला होतास, ते मला तिथं पडल्या पडल्या समजलं. हरामखोरा, मला एकदा तरी मागं झोपू द्यायचं होतंस.

टाकी आली. वहिनींनी वेग कमी केला, दुसरा गिअर टाकला, पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली, उतरली. मी श्वास धरून ऐकलं. टक नाही, टकटक नाही, कुठं काही नाही.

"वाजलं का, भाऊजी?" त्यांनी पुढून विचारलं.

मी डोळे मिटून घेतले.

"पुन्हा घ्या, वहिनी."